अपघात विमा वर्षभर बाळगल्यावर: अपंगत्वाचं कव्हर घ्यावं का?

सांगलीत माझं ग्रिल-गेटचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. हात चालले तर घर चालतं. गेल्या वर्षी 'सरल सुरक्षा बीमा' घेतला, २५ लाखांचा. विमा कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या आयआरडीएआयच्या आदेशाने एप्रिल २०२१पासून कंपन्या हा विकतात आणि मूळ अटी सगळीकडे सारख्याच असतात. सोबत जादा हप्ता भरून 'तात्पुरतं पूर्ण अपंगत्व' हे कव्हर जोडून घेतलं, म्हणजे अपघातामुळे काही काळ कामच करता आलं नाही तर मिळणारा भत्ता. त्यात विमा रकमेच्या ०.२ टक्के, म्हणजे माझ्या बाबतीत आठवड्याला ५,००० रुपये, जास्तीत जास्त १०० आठवडे मिळतात.

पावसाळ्यात शिडीवरून पडलो आणि टाचेचं हाड मोडलं. मेडिक्लेममधून ऑपरेशनचं बिल भागलं, पण गाळ्याचं भाडं आणि पोरांचा पगार थोडाच भागतो? बँकेतून दरवर्षी २० रुपये कापून घेणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहेच, पण ती मृत्यू किंवा डोळा, हात, पाय कायमचा गेला तरच १ ते २ लाख देते. हाड जुळून येणार असेल तर एक रुपया नाही. दुचाकीच्या विम्यातलं १५ लाखांचं मालक-चालक कव्हर गाडीवरच्या अपघातापुरतं. स्वतःचा धंदा असल्यामुळे ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, नाही. उपयोगी पडला तो फक्त तो साप्ताहिक भत्ता.

क्लेममध्ये सगळा खेळ डॉक्टरांच्या दाखल्याचा. प्लास्टर निघाल्यावर त्यांनी केसपेपरवर 'बसून हलकं काम करण्यास हरकत नाही' असं लिहिलं आणि कंपनीने त्या तारखेनंतरचे आठवडे कापले. मला तर अजून धड उभंही राहता येत नव्हतं, वेल्डिंग कुठून करणार? पण अटच तशी आहे: कुठलंही काम करता येत नसेल तरच पैसे. माझ्या मते या पॉलिसीतली सगळ्यात मोठी उणीव हीच. हातावर पोट असणाऱ्यासाठी 'त्याचं काम' हाच निकष हवा. शिवाय नाव साप्ताहिक असलं तरी रक्कम आली ती शेवटी एकदम, तोवर उसनवारीच.

एजंट फॉर्मवर नुसतं 'बिझनेस' लिहीत होता. मी 'वेल्डिंग, उंचीवरचं काम' लिहायला लावलं. हप्ता वाढला, पण क्लेमच्या वेळी त्यावरून एकही प्रश्न आला नाही.

पगारी रजा मिळणाऱ्या नोकरदाराने या जोडकव्हरवर पैसे घालू नयेत. सुतार, वायरमन, ड्रायव्हर यांनी मात्र घ्यावंच. फक्त एक पक्कं ध्यानात ठेवा, हे अपघातापुरतंच आहे. अर्धांगवायूने हात गेला किंवा मणक्याच्या आजाराने अंथरूण धरलं तर यातून काही मिळत नाही. अर्धांगवायूसाठी गंभीर आजाराची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते.

नूतनीकरण केलंय, रक्कम ४० लाख केली. बायको शिवणकाम करते, तिच्याही नावाने आता याच कव्हरसकट काढतोय.