आवाज, मान की नजर?

हातात माउस धरवत नाही म्हटलं की लोक थेट नजरेवर चालणाऱ्या यंत्राची चौकशी करू लागतात. त्याआधी फुकटातला एक उपाय बघा. एका बोटाने टाइप होत असेल, तर विंडोजमध्ये शिफ्ट पाचदा दाबून स्टिकी कीज सुरू करा. मग शिफ्ट धरून ठेवावी लागत नाही. आधी शिफ्ट, मग अक्षर. इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीवर मराठी लिहिणाऱ्याला हे फारच उपयोगी, कारण ख, घ, थ, भ ही सगळी मंडळी शिफ्टवर बसलेली.

हात अजिबात चालत नसेल, तर बहुतेकांची निवड आवाज आणि मान यांतच होते.

लिहायचं भरपूर असेल तर आवाजाला तोड नाही. गूगल डॉक्स मराठी बोलणं बऱ्यापैकी टिपून घेतं, फक्त इंटरनेट हवं. गोची पुढे आहे. पडद्यावरची खिडकी उघडणं, पान सरकवणं, बटण दाबणं ही कामं विंडोज ११ मधलं व्हॉइस अ‍ॅक्सेस करतं, पण त्याला मराठी आज्ञा कळत नाहीत. फार बिघडत नाही म्हणा. ‘शो नंबर्स’ म्हटलं की पडद्यावरच्या बटणांना आकडे चिकटतात, मग हवा तो आकडा इंग्रजीत उच्चारायचा. अर्धांगवायूनंतर जीभ जड झाली असेल, तर मात्र हा मार्ग छळतो. आणि बँकेचा पासवर्ड घरभर ऐकू जाईल असा कोण बोलणार?

मानेसाठी ‘एनेबल व्हायाकॅम’ हे सॉफ्टवेअर आहे. मोफत, आणि साधा वेबकॅम पुरतो. डोकं हलवलं की बाण हलतो, क्षणभर स्थिर राहिलं की क्लिक. वाचायला, मेल चाळायला छान. लिहायला मात्र कष्टाचं: ‘स्त्री’ लिहायची तर स, हलन्त, त, हलन्त, र, वेलांटी अशी पडद्यावरच्या कीबोर्डवर सहा ठिकाणी मान न्यायची! मान आधीच दुखरी असेल किंवा डोकं थरथरत असेल, तर याच्या वाटेला जाऊ नका. मला विचाराल तर दोन्ही एकत्र वापरा: मजकूर आवाजाने, क्लिक मानेने.

नजरेचं यंत्र आवाज आणि मान दोन्ही गेल्यावर. ऑप्टिकी हे सॉफ्टवेअर मोफत आहे, पण इन्फ्रारेड कॅमेरा विकत घ्यावा लागतो, आणि खिडकीतून ऊन आलं की तो गोंधळतो. शिवाय नुसतं बघत बसलं तरी क्लिक होऊन जातं.

एकच हालचाल खात्रीची उरली असेल, तर स्विच बघा, म्हणजे त्या एका हालचालीने चालणारं बटण. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग गालाच्या स्नायूवर संगणक चालवत; त्यांच्यासाठी इंटेलने केलेलं सॉफ्टवेअर २०१५पासून सर्वांना मोफत आहे. पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकामागून एक उजळतात, हवी ती आली की गाल हलवायचा. संथ काम, पण भरवशाचं.

चाचणी सकाळी ताजेतवाने असताना घेऊ नका. दिवसभर थकल्यावर, संध्याकाळी सहाला अर्धा तास वापरून बघा.