डाव्या बाहीवरचं 'जीएसएच' नीट छापून दिलं, नाशिकच्या शालिमारजवळच्या या जर्सीवाल्यांना साडेचार स्टार

आमचा फ्लॅग फुटबॉलचा ग्रुप आहे, रविवारी सकाळी गोल्फ क्लब ग्राउंडवर खेळतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा अमेरिकन फुटबॉलचाच प्रकार पण पाडापाडी नाही, कमरेला पट्टे लटकवलेले असतात, बॉल घेऊन पळणाऱ्याचा पट्टा ओढला की खेळ तिथेच थांबतो. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आलाय ना, त्यामुळे आता नवी पोरंपोरी यायला लागलीयत आणि मग सगळ्यांना एकसारखी जर्सी हवी असं ठरलं. रंग नेव्ही ब्लू आणि केशरी, शिकागो बेअर्स या अमेरिकन फुटबॉल टीमचे. पुढे आमच्या ग्रुपचं नाव, मागे नंबर, आणि डाव्या बाहीवर तीन अक्षरं, जी एस एच. याच तीन अक्षरांसाठी मी दुकानं फिरलो असं समजा.

आधी ऑनलाइन एकाकडे दिली होती ऑर्डर. सॅम्पल आलं तर बाही कोरी. विचारलं तर म्हणे डिझाइनमध्ये ते फालतू वाटलं म्हणून काढलं. पैसे परत मिळायला महिना गेला. नाव घेत नाही.

इथे मात्र काकांनी समोर बसवून फाइल उघडली. भाचा कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, त्याचा हात एकदम फास्ट आहे. काकांनी विचारलं, दादा हे स्पॉन्सरचं नाव आहे का, मग बाहीवर एवढं बारीक कशाला, छातीवर टाका ना मोठं. मी म्हटलं काका, स्पॉन्सर नाही, माणूस आहे, बेअर्स टीम उभी करणारा जॉर्ज स्टॅनली हॅलस. मग चहा आला आणि मी बोलत बसलो, मागे मशीनवर बसलेल्या ताई पण ऐकत होत्या. त्याचे वडील शिकागोत शिवणकाम करायचे, बोहेमियातून म्हणजे आताच्या चेक देशातून गेलेलं कुटुंब, हे ऐकल्यावर ताईंनी मशीन थांबवली, म्हणाल्या आमच्यातलाच की मग.

तर हॅलस. जन्म १८९५, सिव्हिल इंजिनिअर झालेला, इलिनॉय विद्यापीठातून. बेअर्सचा निळा-केशरी रंग तिथूनच आलाय, कॉलेजचा रंग त्याने टीमला दिला. १९१९ मध्ये बेसबॉलमध्ये न्यूयॉर्क यँकीजकडून १२ मॅच खेळला, पण तिथे जमलं नाही. मग रेल्वेत पुलांच्या डिझाइनची नोकरी, आणि रविवारी हॅमंड नावाच्या टीमकडून पैसे घेऊन फुटबॉल. आठवडाभर ऑफिस आणि सुट्टीच्या दिवशी चिखलात खेळ, सेमी-प्रो म्हणजे तेव्हा हेच. लोक याला हलकं समजायचे, कॉलेजचा खेळ तो खरा आणि पैसे घेऊन खेळणारे ते असेच, असा सगळा प्रकार होता.

१९२० मध्ये डिकेटर गावातल्या स्टेली नावाच्या स्टार्च कंपनीने त्याला बोलावलं, आमची टीम बांध म्हणून. खेळाडू कंपनीत कामाला आणि कामाच्या वेळेतच प्रॅक्टिस. आपल्या सातपूर-अंबडला कंपन्यांच्या क्रिकेटच्या, कबड्डीच्या टीम असतात ना, तसंच अगदी. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला ओहायोतल्या कँटनमध्ये एका गाड्यांच्या शोरूममध्ये टीमवाल्यांची मीटिंग झाली, खुर्च्या पुरेनात म्हणून काही जण गाड्यांच्या फुटबोर्डवर बसले. त्या मीटिंगमधून जी लीग निघाली ती आजची एनएफएल, अमेरिकन फुटबॉलची सगळ्यात मोठी लीग. प्रत्येक टीमने १०० डॉलर फी भरायची ठरली होती. हॅलस त्या शोरूममध्ये होता, २५ वर्षांचा.

पुढच्या वर्षी मंदी आली. स्टेलीसाहेब म्हणाले मला टीम परवडत नाही, तू शिकागोला घेऊन जा, हे ५००० डॉलर घे, फक्त एक सीझन आमचं नाव ठेव. त्याने ते केलं, चॅम्पियनशिप पण जिंकली, आणि १९२२ मध्ये नाव बदलून बेअर्स केलं. कारण खेळायचे ते बेसबॉलच्या कब्ज टीमच्या मैदानावर, कब म्हणजे अस्वलाचं पिल्लू, आणि फुटबॉलवाले अंगाने मोठे, म्हणून थेट मोठी अस्वलं.

मला हाच काळ सगळ्यात जास्त भारी वाटतो राव. पार्टनर होता डच स्टर्नमन, दोघं मालक, दोघं खेळाडू, आणि हॅलस त्यात कोच पण. तिकिटं विकायची, पेपरात बातमी यावी म्हणून स्वतः लिहून पाठवायची आणि रविवारी स्वतः मैदानात उतरायचं. १९२३ मध्ये जिम थॉर्पच्या हातून बॉल सुटला, चिखल होता, हॅलसने उचलला आणि ९८ यार्ड पळाला, मागे थॉर्प. ऑलिंपिकची दोन गोल्ड मिळवलेला माणूस मागे लागलाय, विचार करा. तो रेकॉर्ड १९७२ पर्यंत टिकला. १९२५ मध्ये रेड ग्रेंज या कॉलेज फुटबॉलच्या स्टारला कॉलेजची शेवटची मॅच संपल्या संपल्या घेतलं आणि त्याच्या पहिल्याच मॅचला ३६,००० लोक आले, स्कोअर किती तर ०-०! पण लोक आले हे महत्त्वाचं, पैसे घेऊन खेळणाऱ्यांची फुटबॉल मॅच बघायला एवढी गर्दी शिकागोने तोवर पाहिली नव्हती. नंतर तीसच्या दशकातल्या मोठ्या मंदीत स्टर्नमनचा हिस्सा ३८,००० डॉलरला घ्यायचा ठरला आणि ते पैसे जमवताना टीम हातची जायची वेळ आली होती, तरी सोडली नाही.

कोच म्हणून ४० सीझन, मध्ये मध्ये थांबत, १९६७ पर्यंत. ३२४ विजय, तो आकडा १९९३ मध्ये डॉन शुला या कोचने मागे टाकला. १९४० ची फायनल बेअर्सने वॉशिंग्टनविरुद्ध ७३-० ने जिंकली, तीच वॉशिंग्टनची टीम तीन आठवडे आधी बेअर्सशी ७-३ ने जिंकली होती आणि त्यांच्या मालकाने बेअर्सना रडके म्हटलं होतं. यावर अजून काय लिहू, स्कोअर वाचा परत.

पण खरं मोठेपण माझ्या मते वेगळ्या ठिकाणी आहे. ग्रीन बे म्हणजे बेअर्सचा कट्टर विरोधी, गाव छोटं, १९५६ मध्ये तिथे नवीन स्टेडियमसाठी मतदान होतं, तर हॅलस स्वतः तिकडे जाऊन स्टेडियम बांधा म्हणून भाषण करून आला. आणि १९६१ मध्ये टीव्हीचे पैसे सगळ्या टीममध्ये सारखे वाटायचे ठरलं तेव्हा शिकागोसारख्या मोठ्या शहराचा मालक असून तो हो म्हणाला. समोरची टीम जगली तरच आपली मॅच होणार हे त्याला कळत होतं.

एक गोष्ट मात्र मी आमच्या पोरांना पण सांगतो, लपवत नाही. १९३४ ते १९४५ एनएफएलमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता, आणि त्या मालकांमध्ये हॅलस होता, तेही लीगमधला वजनदार मालक. हे चूकच होतं, त्याला दुसरा शब्द नाही. पुढे १९४९ मध्ये बेअर्सने ड्राफ्टमध्ये, म्हणजे लीगच्या टीम कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात, जॉर्ज टॅलिफेरोला निवडलं, ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला काळा खेळाडू, आणि १९५३ मध्ये विली थ्रोअर बेअर्सकडून क्वार्टरबॅक म्हणजे डाव चालवणारा, बॉल फेकणारा खेळाडू म्हणून खेळला. पण मधली बारा वर्षं ज्यांची गेली ती गेली. बाहीवर अक्षरं घालायची तर हे पण माहीत असूनच घालायची असं आमच्यात ठरलंय.

हॅलस १९८३ मध्ये गेला आणि १९८४ पासून बेअर्सच्या डाव्या बाहीवर जीएसएच आहे. टीम अजून घरातच आहे, मुलगी व्हर्जिनिया मॅकॅस्की २०२५ मध्ये १०२ व्या वर्षी गेल्या, तोपर्यंत मालकीण त्याच होत्या.

आता जर्सीबद्दल. कापड डॉटनेट म्हणजे बारीक छिद्रांचं आहे, हलकं, घाम लगेच वाळतो. प्रिंट सब्लिमेशनची आहे, म्हणजे रंग कापडातच उतरतो, स्टिकरसारखी वर चिकटवलेली नाही, त्यामुळे सोलवटत नाही. आमच्याकडे बोअरचं जड पाणी आहे, त्यात बऱ्याचदा धुतली, केशरी रंग अजून तसाच. अक्षरांसाठी भाच्याने दोन साईज कागदावर काढून दाखवल्या आणि काकांनी त्या स्वतःच्या दंडावर धरून बघितल्या, हे मला फार आवडलं. बाहीवरच्या रंगीत पट्ट्यांच्या मध्ये बरोबर बसलीयत, शिवणीत एकही अक्षर गेलेलं नाही. खांद्याला डबल शिलाई आहे, ओढाताणीत उसवली नाही.

अर्धा स्टार का कापला तर गळा थोडा घट्ट आहे, डोकं मोठं असेल तर घालताना त्रास होतो, आणि नवरात्राच्या आधी दिलेली ऑर्डर सांगितलेल्या तारखेनंतर मिळाली. सणात गर्दी असते हे मान्य, पण आधी फोन करायला हवा होता. लहान मुलांच्या साईज नीट येतात, मोठ्यांनी एक साईज वरची घ्या. फाइल पेनड्राइव्हवर न्या, व्हॉट्सअॅपवर पाठवली की फाटते. आणि दुपारी दोन ते चार जाऊ नका, दुकान उघडं असतं पण भाचा जेवायला गेलेला असतो, त्याच्याशिवाय डिझाइनचं काम होत नाही.