पाट्याचे पीयू बुश: भरलेल्या पिकअपला चांगले, रिकामीला नकोत

आमच्या जुन्या पिकअपच्या मागच्या पाट्यांना (लीफ स्प्रिंगना) पॉलीयुरेथेनचे, दुकानदारांच्या भाषेत 'पीयू'चे, बुश (पाटा आणि बोल्ट यांच्या मधलं गोल अस्तर) घरीच बसवले आणि उन्हाळ कांद्याचा अख्खा हंगाम त्यावर काढला. माल चांगला आहे. फक्त "तासाभरात बसतात" हे काउंटरवरचं बोलणं मनावर घेऊ नका. बसतात तासाभरात, पण जुने निघाल्यानंतर.

गाडीची वाट निफाड ते लासलगाव, कधी पिंपळगाव. गतिरोधक उतरला की मागून खट्ट आवाज यायचा आणि भरलेली गाडी वळणावर आडवी सरकल्यासारखी वाटायची. पाट्याच्या डोळ्याशी, म्हणजे बोल्ट जातो त्या टोकाच्या गोल वळणाशी, पहार घालून हलवलं तर बोल्टाची नळी एका बाजूला टेकलेली, रबराचा भुगा झालेला.

पाकिटावर कंपनीचं नाव नाही, नुसती मापं. प्रत्येक डोळ्याला बुशाचे दोन अर्धे तुकडे आणि मधली स्टीलची नळी. किंमत रबरी सेटच्या अडीच पट. मॉडेल सांगून घेऊ नका, डोळ्याचा आतला व्यास आणि पाट्याची रुंदी व्हर्नियरने मोजून न्या. जुन्या गाडीचे पाटे कधी ना कधी पाटेवाल्याकडून बदललेले असतात आणि त्याने डोळा कसा वळवला ते त्यालाच ठाऊक.

आता काढायचं काम. आदल्या संध्याकाळी सगळ्या नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, चेसिसखाली घोड्या (लोखंडी स्टँड), आणि वेगळा जॅक धुऱ्याखाली. धुऱ्याखालचा जॅक थोडा थोडा वरखाली करायचा. पाट्यावरचा ताण गेला की बोल्ट हाताला हलका लागतो, तोपर्यंत हातोडा मारून उपयोग नाही. एका वेळी एकच बाजू सोडा, म्हणजे धुरा जागचा हलत नाही. निव्वळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, हे आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत आहे.

बोल्ट निघाला तरी जुन्या बुशाची बाहेरची पत्र्याची नळी डोळ्यात गंजून बसलेली असते. भाचा म्हणाला, "मामा, गॅरेजात गॅसने जाळून काढतात की!" काढतात, खरं आहे. पण जळक्या रबराचा धूर छातीत जातो, आणि पाट्याला नको तितका ताव बसला तर त्याचं पाणी उतरतं, म्हणजे पोलाद मऊ पडतं. आम्ही ड्रिलने रबर पोखरलं, हॅक्सॉचं पातं आत घालून नळीला एक चीर दिली आणि छिन्नीने ती आत दुमडली. पातं डोळ्याच्या लोखंडाला लागू द्यायचं नाही, तिथूनच पुढे तडा धरतो. दिवसाचा मोठा भाग यातच जातो.

बसवणं त्यामानाने मजेचं. डोळा आतून पॉलिश पेपरने घासायचा, अर्धे तुकडे दोन्हीकडून हाताने दाबायचे, नळीला ग्रीस लावून व्हाइसने किंवा लांब बोल्ट-वॉशरने आत ओढायची. ग्रीस सिलिकॉनचंच लावा. सेटमध्ये त्याची एवढीशी पुडी येते, ती शेवटच्या डोळ्यापर्यंत पुरत नाही. माझी खरी तक्रार हीच. एवढे पैसे घेता तर ग्रीस तरी पुरेसं द्या. रबरी बुश घालणाऱ्यांनी मात्र साबणाचं पाणी वापरावं, तेला-ग्रीसने रबर फुगतं. बोल्टाला खाच पडली असेल तर तोही नवाच टाका.

रबरी बुशात आतली नळी बोल्टाबरोबर घट्ट पकडलेली असते आणि पाटा वरखाली होताना रबर पीळ खातं. म्हणून शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उतरवल्यावरच करायचं, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. पीयूमध्ये नळी बुशात फिरते, त्यामुळे पीळ नाही. पण ग्रीस सुकलं की कुंईकुंई सुरू. तरीही मी शेवटचं आवळणं गाडी जमिनीवर आल्यावरच केलं, आणि पहिल्या दोन-तीन भरल्या फेऱ्यांनंतर नट पुन्हा तपासले.

फरक? भरलेली गाडी आता वळणावर जागा धरते, खट्ट आवाज गेला. कांद्याच्या गोण्यांना याहून जास्त काही नको. रिकामी गाडी मात्र रस्त्यातला प्रत्येक खडा कमरेला कळवते, आणि द्राक्षाचे क्रेट नेताना मी वेग आणखी कमी ठेवतो. पाचपैकी चार द्यायला हरकत नाही.

भाच्याची गाडी दुधाची, सकाळी चार कॅन आणि परतीला मोकळी. त्याने माझं बघून हाच सेट मागवायचं काढलं होतं. त्याला रबरीच घ्यायला लावला.