दीड हजार वाचवायला गेले

आप्पांची गिरणी बंद पडली तेव्हा हातात आलेल्या पैशांतून त्यांनी दहिसर पूर्वेला वन रूम किचन घेतलं. ते गेल्यावर घर रिकामंच पडलं होतं. नॉमिनी मी, पण सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आप्पांच्याच नावावर; बदलू बदलू म्हणता राहून गेलं. लॉकडाऊनमध्ये वर्षभर पदरचा मेंटेनन्स भरला, त्यामुळे २०२१च्या जूनमध्ये एजंटने भाडेकरू आणला तेव्हा देव भेटल्यासारखं झालं.

नवरा, बायको, शाळकरी मुलगा. पहिल्याच भेटीत वाकून नमस्कार. "मावशी, घर आपलं समजून राहू." हा शब्द मात्र त्याने तंतोतंत पाळला.

भाडं १८ हजार, डिपॉझिट ६० हजार. एजंट म्हणाला, "अकरा महिन्यांचं तर आहे, रजिस्टर कशाला? नोटरी करून टाकू." आता हिशोब ऐका. अकरा महिन्यांचं भाडं, त्यात डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, आणि त्या रकमेवर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी, म्हणजे साधारण पाचशे रुपये. नोंदणी फी एक हजार. झाले दीड हजार. तेवढे वाचले म्हणून मी खूश. नोटरीने शेवटच्या पानावर शिक्का मारला, आम्ही सह्याही शेवटच्याच पानावर केल्या. भाड्याचा आकडा दुसऱ्या पानावर होता.

तो दर महिन्याला आठ हजार गुगल पेवर पाठवायचा आणि दहा हजार रोख घरी आणून द्यायचा. "दुकानातनं कॅशच येते हो मावशी." त्याने पावती कधी मागितली नाही, मी दिली नाही. मला वाटायचं, काय साधा माणूस!

२०२२च्या फेब्रुवारीत भाडं थांबलं. आधी मुलाची फी, मग दुकान मंदीत, मग फोनच उचलेना. मुदत संपली तेव्हा जागा खाली करायला सांगायला गेले, तर दारातच उत्तर मिळालं, "कसली मुदत? मी भाडेकरू आहे, लायसन्सवाला नाही." लायसन्सवाल्याला मुदत संपली की निघावं लागतं, भाडेकरूला मात्र भाडे कायद्याचं संरक्षण असतं; या दोन शब्दांमध्ये एवढं अंतर असतं ते तोवर मला माहीत नव्हतं. पोलिसांत गेले. ते म्हणाले, दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा.

वकिलांमार्फत नोटीस पाठवली आणि तिचं उत्तर वाचून हातपाय गार पडले. भाडं आठ हजारच ठरलं होतं, बँकेच्या नोंदी बघा. डिपॉझिट साठ हजार नव्हे, तीन लाख रोख दिलेत. कराराचं दुसरं पान मागाहून बदललंय. आणि वर, या बाई मालकच नाहीत! मधल्या काळात गडी कणकवलीला माझ्या धाकट्या भावाकडे जाऊन आला होता. त्याला दहा हजार पाठवून, 'जागेत माझाही हिस्सा आहे' असं पत्र लिहून घेतलं होतं. भाऊ दुखावलेला होताच. भाडं मी एकटीच घेत होते, हे खोटं नाही. आता भाडेकरू साळसूदपणे म्हणत होता, तुम्ही भावंडं आधी मालक कोण ते ठरवा, मग मी भाडं देतो.

आमच्या वकील बाईंनी पहिल्याच दिवशी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ समोर ठेवला. कलम ५५. करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि तो नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं, उलट सिद्ध होईपर्यंत. नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी फसवला गेलेला पक्ष म्हणून गेले होते, आणि गुन्हा माझाच निघाला.

करार नोंदलेला असता तर कलम २४ खाली थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशाच प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता आला असता. तिथे समोरच्याला बाजू मांडायची परवानगीसुद्धा समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत मागावी लागते, आणि मुदत संपल्यावर राहील तितक्या दिवसांची दुप्पट रक्कम त्याच्याकडून वसूल होते. माझ्या हिशोबाने महिना ३६ हजार. मला मिळाली भाड्याचे दावे चालवणाऱ्या लघुवाद न्यायालयाची वांद्र्याची शाखा आणि तारखा.

मधे एकदा संतापून लाइट तोडून टाकते म्हणाले. बाईंनी तिथेच अडवलं. कलम २९ प्रमाणे वीज-पाणी बंद करता येत नाही, नाहीतर तो माझ्यावरच केस करायला मोकळा. मालकीचा मुद्दा तसा लंगडा होता, कारण ज्याने जागेत आत घेतलं त्याची मालकी भाडेकरूला नाकारता येत नाही (जुन्या पुरावा कायद्याचं कलम ११६). त्याला मीच आत घेतलं, हे दाखवायला पोलिसांत दिलेली भाडेकरूची माहिती कामी आली. तेवढंच एक शहाणपणाचं काम मी केलं होतं. पण भाऊ दाव्यात सामील झाला आणि गाडा रुतला. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही तेव्हाच कळलं. महाराष्ट्रात २०१९च्या कायदा दुरुस्तीनंतर सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते, पण वारसांचा हक्क त्याने बुडत नाही.

बोरिवलीहून वांद्र्याला किती खेपा घातल्या ते मोजणं सोडून दिलं. शेवटी २०२५च्या जानेवारीत तडजोड झाली. छत्तीस महिन्यांचं भाडं, साडेसहा लाखांच्या घरात, सोडून द्यायचं आणि साठ हजारांचं डिपॉझिट पूर्ण परत करायचं. तीन लाखांचा दावा त्याने मागे घेतला, ही त्याची मेहेरबानी. किल्ली देताना परत वाकला. मी पाय मागे घेतले. आत गेले तर गीझर, दोन्ही पंखे आणि स्वयंपाकघरातला नळसुद्धा नव्हता.

आता ओळखीतलं कुणी 'नोटरी पुरते गं' म्हणालं की मी दुसरं काही बोलत नाही, नोटरीच्या त्या कागदाचं दुसरं पान दाखवते. त्यावर एकही सही नाही. नवा एजंट घरी मशीन घेऊन आला, अंगठे झाले, आठवड्याभरात नोंदलेला करार हातात पडला. करारावर भावाचीही सही घेतली, भाडं निम्मं-निम्मं. शेअर सर्टिफिकेटवर मात्र अजून आप्पाच आहेत. नाव बदलायच्या अर्जावर सही करायला भाऊ गणपतीत येतो म्हणाला होता. आला नाही.