जहाजाच्या नोंदणीची कागदपत्रं नोटरी आणि अपोस्टिल करून घेण्याचा आठ महिन्यांचा अनुभव

जहाजांची खरेदी-विक्री आणि ध्वजबदल, म्हणजे जहाजाची नोंदणी एका देशातून दुसऱ्या देशात नेणं, यांचे कागद तयार करणं हे माझं काम आहे. गेले आठ महिने हे सगळे कागद मी एकाच नोटरी कार्यालयाकडे देतोय. सहीचं नोटरायझेशन, त्यावर अपोस्टिल (कागदावरची अधिकाऱ्याची सही आणि शिक्का खरा असल्याचं, परदेशात चालणारं सरकारी प्रमाणपत्र) आणि लागलंच तर दूतावासाचा शिक्का, असं सगळं ते एकत्र करून देतात. आतापर्यंत पाच जहाजं झाली. पहिल्या जहाजानंतर लगेच अभिप्राय लिहिला नाही, कारण काम नीट झालं की नाही हे शिक्का बसल्यावर कळत नाही. तिकडच्या नोंदणी कार्यालयानं कागद दाखल करून घेतला की मगच कळतं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आधी सांगतो. कागद हातात घेण्याआधी त्यांचा पहिला प्रश्न असतो, "कुठल्या देशात दाखल करायचाय?" याआधी ज्यांच्याकडे मी जात होतो ते आधी शिक्का मारत आणि देश नंतर विचारत. या कामात सगळी वाट शेवटच्या टोकावरून ठरते. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग कराराचे सदस्य असलेल्या देशांमध्ये एक अपोस्टिल पुरतं. पनामा, लायबेरिया, मार्शल आयलंड्स, माल्टा हे मोठे ध्वज सगळे या करारात आहेत. सदस्य नसलेल्या देशासाठी मात्र नोटरी, मग परराष्ट्र खातं, मग त्या देशाचा दूतावास अशी साखळी लागते. आणि दोन्ही देश सदस्य असले म्हणजे झालं, असंही नाही. एकानं दुसऱ्याच्या प्रवेशाला हरकत घेतलेली असेल, तर त्या दोघांपुरता करार लागूच होत नाही.

आमच्या जुन्या यादीत सिंगापूरसाठी अजून दूतावासाचीच वाट लिहिलेली होती. तिथे १६ सप्टेंबर २०२१ पासून करार लागू आहे, हे त्या कार्यालयातल्या मॅडमनी दाखवून दिलं. कॅनडाचंही तेच, तिथे ११ जानेवारी २०२४ पासून. आमची यादी कोणी उघडून तपासलीच नव्हती. त्या दिवशी मी ती नव्यानं लिहायला घेतली.

दुसऱ्या जहाजाच्या बिल ऑफ सेलवर, म्हणजे विक्रीखतावर, विक्रेत्या कंपनीचे संचालक सही करणार होते. संचालक मंडळाच्या ठरावात त्यांचं नाव दोन शब्दांत होतं, पासपोर्टवर तीन. नोटरींनी सही घ्यायला नकार दिला. माणूस तोच आहे हे सगळ्यांना माहीत होतं, गाडी खाली उभी होती, आणि मला खरंच राग आला होता. आज मी त्यांच्या बाजूचा आहे. बिल ऑफ सेल हा खाजगी कागद. सही करणारा कोण आणि त्याला कंपनीनं अधिकार दिलाय का, हे नोटरीनं पाहिलं तरच परक्या देशात त्याला वजन येतं. अपोस्टिल तर विक्रेत्याच्या सहीबद्दल काहीच बोलत नाही. त्या दहा मुद्द्यांच्या चौकोनात फक्त नोटरीची सही, त्याचं पद आणि त्याचा शिक्का खरा आहे, एवढंच लिहिलेलं असतं. म्हणजे सगळी भिस्त नोटरीच्या तपासणीवर. तिथे ढिलाई झाली तर पुढचा कुठलाही शिक्का ती भरून काढत नाही. ठराव दुरुस्त करून आणायला एक दिवस गेला, तो गेलेला बरा.

मजकूर तपासणं मात्र त्यांचं काम नाही, हे नव्यानं येणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. एकदा आमच्या कुलमुखत्यारपत्रात आयएमओ क्रमांकाचे (जहाजाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचे) दोन आकडे उलटसुलट झाले होते. तिथल्या कारकुनानं ते आपणहून पकडलं. या सात आकडी क्रमांकाचा शेवटचा आकडा तपासणीचाच असतो. पहिल्या सहा आकड्यांना क्रमानं ७, ६, ५, ४, ३, २ नी गुणायचं आणि बेरीज करायची. बेरजेचा शेवटचा आकडा म्हणजे सातवा आकडा. ९०७४७२९ घ्या : ६३, ०, ३५, १६, २१, ४, बेरीज १३९, शेवटी ९. जुळलं. आमच्या क्रमांकाचं जुळत नव्हतं. तेव्हापासून सहीला कागद नेण्याआधी हा हिशेब मी प्रत्येक पानावर करतो. जहाजाचं नाव बदलतं, ध्वज बदलतो, मालक बदलतो. हा क्रमांक जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो, म्हणून नोंदणी अधिकारी आधी तोच बघतात.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. तिसऱ्या जहाजाच्या वेळी जुन्या नोंदणीचा उतारा द्यायचा होता : मालक कोण, तारण किंवा बोजा आहे का, हे दाखवणारा. तो सरकारी नोंदणी कार्यालयाचा कागद, म्हणजे मुळातच सार्वजनिक दस्तऐवज. त्यावर निबंधकाची सही असते आणि अपोस्टिल थेट त्या सहीवर घेता येतं. या कार्यालयानं मात्र त्याची झेरॉक्स काढली, ती खरी प्रत म्हणून साक्षांकित केली आणि नोटरीच्या सहीवर अपोस्टिल आणलं. कागद दिसायला सुबक होता, पण खरेदीदाराच्या वकिलांनी परत पाठवला. त्यांना निबंधकाच्या सहीची खात्री हवी होती, झेरॉक्सची नको होती. उतारा ताजा लागतो, म्हणून नवा मागवावा लागला, आणि जहाजाचा ताबा देण्याची तारीख चार दिवसांनी पुढे ढकलली. जहाज बंदरात उभं राहिलं की त्याचा खर्च थांबत नाही, आणि ताबा मिळेपर्यंत खरेदीदाराचे पैसेही बँकेत अडकून राहतात. कार्यालयानं चूक मान्य केली, दुसऱ्या वेळचं शुल्क घेतलं नाही. तरीही ज्यांचा पहिला प्रश्न इतका योग्य असतो, त्यांनी "मूळ कागदावर हवं की प्रतीवर?" हा दुसरा प्रश्न विचारायलाच हवा होता. आता मी तो लेखी देतो.

एक चूक आमची. अपोस्टिल फितीनं आणि शिक्क्यानं कागदाला जोडलेलं होतं. स्कॅन करायला सोपं जावं म्हणून आमच्या एका नव्या मुलानं ते सोडवलं आणि नंतर पुन्हा पिन मारली. असा उकललेला कागद समोरचा कोणी घेत नाही. सगळं पुन्हा करावं लागलं.

दूतावासाच्या कामात हे कार्यालय साधारणच आहे. दिवसांचा अंदाज दोन्ही वेळा चुकला. दूतावास आपल्या देशाच्या सुट्ट्याही पाळतो, हे त्यांनी धरलंच नव्हतं. काम तसंच असेल तर हातात आठवडाभर जास्त ठेवूनच त्यांच्याकडे जा.

जहाज विकल्यावरही ते सोबत राहतात, ही जमेची बाजू. जहाजाला एका वेळी एकाच देशाचा ध्वज लावता येतो, त्यामुळे जुनी नोंद रद्द झाल्याचं प्रमाणपत्र दिल्याशिवाय नवी नोंदणी कायम होत नाही. ते प्रमाणपत्र ताबा दिल्यानंतर येतं, तोवर तात्पुरत्या नोंदणीवर काम चालतं आणि मुदत सरत असते. पाचव्या जहाजाचं प्रमाणपत्र संध्याकाळी आलं, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते अपोस्टिलसाठी दिलं, आणि आम्ही मुदतीच्या बऱ्याच आत होतो.

अपोस्टिलला करारानं मुदत घातलेली नाही, पण कंपनी सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र जुनं झालं की नोंदणी कार्यालय नवं मागतं. म्हणून सगळे कागद एकदम आधी करून ठेवायचा मोह मी सोडलाय. शिवाय काही नोंदणी कार्यालयं त्यांच्याच नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर केलेली सही मान्य करतात, तिथे नोटरीकडे जावंच लागत नाही. तेही आधी विचारून घ्या.

सहावं जहाज पुढच्या महिन्यात आहे. बिल ऑफ सेल आणि कुलमुखत्यारपत्र याच कार्यालयात होईल. नोंदणीचा उतारा मात्र मी स्वतः घेऊन जाणार आहे, वर चिठ्ठी लावून : मूळ कागदावर, प्रत नको.