आळशी डोळ्यासाठी अँजिओग्राफी : डायची की बिनसुईची?

लेझी आय (आळशी डोळा, म्हणजे चष्मा लावूनही डोळ्याला नीट न दिसणं) असलेल्या मुलाच्या 'पडद्याच्या रक्तवाहिन्यांचा फोटो काढू' असं कुणी सुचवलं, तर आधी विचारा, कोणता? दोन्ही तपासण्यांच्या नावात अँजिओग्राफी असली तरी प्रकार अगदी वेगळे आहेत.

जुनी पद्धत 1961 पासूनची. हाताच्या शिरेत फ्लुरोसीन हा पिवळा डाय टोचतात आणि निळ्या प्रकाशात पडद्याचे फोटो घेत राहतात. मळमळ होऊ शकते, कातडी काही तास पिवळट दिसते, लघवी केशरी होते. क्वचित गंभीर ॲलर्जीही होते. हिचं खरं बळ म्हणजे रक्तवाहिनी कुठे गळते आहे ते दिसतं. पण नुसत्या आळशी डोळ्यात गळती नसतेच. दोष मुख्यतः मेंदूच्या दृष्टिकेंद्रात असतो. मग सुई कशाला? अपवाद एकच: पडद्याचाच आजार असल्याची शंका. कोट्स डिसीजमध्ये (यात पडद्याच्या रक्तवाहिन्या फुगून गळतात), आणि तो बहुतेक मुलग्यांनाच होतो, तिरळेपणा हे पहिलं लक्षण असू शकतं. तिथे डाय हवाच.

दुसरी पद्धत ओसीटी अँजिओ. ओसीटी म्हणजे प्रकाशाने केलेला पडद्याच्या थरांचा स्कॅन. यात सुई नाही. हनुवटी टेकवून खुणेकडे बघायचं. मशीन एकच जागा पुन्हा पुन्हा स्कॅन करतं, आणि दोन स्कॅनमध्ये जे हललं ते वाहतं रक्त. काही सेकंदांचं काम. पण आळशी डोळ्याची नजर एका जागी ठरत नाही, तिथेच घोडं अडतं. डोळा हलला की चित्रावर पांढऱ्या आडव्या रेघा उमटतात आणि रक्तवाहिन्या तुटक दिसतात. शिवाय मोठा प्लस नंबर असलेला डोळा लांबीला कमी असतो, त्यामुळे मोजमापाचं प्रमाणच बदलतं. ते दुरुस्त न करता 'या डोळ्यात रक्तवाहिन्या विरळ' असं छापून आलं, तर घाबरू नका. संशोधकांचे निष्कर्षही एकमेकांशी जुळत नाहीत.

माझं मत विचाराल तर निवड करायचीच झाली तर ओसीटी अँजिओ, पण पहिल्या भेटीत तीही नको. थेंब टाकून नंबर काढणं, चष्मा, चांगल्या डोळ्यावर पट्टी हे आधी. पट्टीचे तासही तक्त्यावरच्या नजरेवरूनच ठरतात. अमेरिकेतल्या 2003 च्या एका चाचणीत मध्यम लेझी आयला रोज दोन तास आणि सहा तास पट्टी, दोन्हींचा फायदा सारखाच दिसला. चष्मा आणि पट्टी काही महिने नेमाने वापरूनही नजर अडूनच राहिली, तर साधं ओसीटी (फक्त थरांचा स्कॅन) करा. त्याच बैठकीत अँजिओ होत असेल तर करून घ्यायला हरकत नाही.