कोर्ग मिनिलॉग एक्सडी: एक पावसाळा, एक हिवाळा आणि आता उन्हाळा

गेल्या पावसाळ्यात घेतलेला हा सिंथ (सिंथेसायझर) आता मे महिन्याच्या उकाड्यातही रोज वाजतोय. एकांकिकांच्या तालमी, भावगीतांचे घरगुती कार्यक्रम, रात्री हेडफोन लावून केलेला रियाज, अशा सगळ्या ठिकाणी तो वापरून झाला. पुण्यात राहून पहिला पॉलिफोनिक, म्हणजे एका वेळी अनेक स्वर वाजवणारा, सिंथ घ्यायचा म्हणजे बहुतेकदा तो पार्सलनेच मागवावा लागतो. लक्ष्मी रोडवरच्या दुकानांत ऑर्केस्ट्राला लागणारे अरेंजर कीबोर्ड हात लावून बघता येतात, ॲनालॉग (थेट विजेच्या सर्किटमधून ध्वनी काढणारा) पॉलिसिंथ मात्र सहसा मांडलेला नसतो. म्हणून इथे वाद्याबद्दल लिहितोय तसंच ते घरापर्यंत येण्याबद्दलही लिहितोय.

सुरुवात वाद्यापासून. ह्यात चार आवाज आहेत, म्हणजे एका वेळी चार स्वर. चारच का, असं सगळे विचारतात. ॲनालॉगमध्ये प्रत्येक आवाजाला स्वतःचे ऑसिलेटर (मूळ स्वर काढणारे), स्वतःचा फिल्टर (तो गाळणारा), स्वतःचे एन्व्हलप (स्वर कसा उठतो-विरतो ते ठरवणारे) लागतात. एक आवाज वाढवायचा म्हणजे तेवढं सगळं सर्किट पुन्हा मांडायचं. १९७८ च्या प्रॉफेट-५ मध्ये पाच आवाज होते, १९८१ च्या ज्युपिटर-८ मध्ये आठ, आणि दोन्ही वाद्यं सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेरची होती. एक्सडीच्या प्रत्येक आवाजात दोन ॲनालॉग ऑसिलेटर आहेत, शिवाय तिसरा डिजिटल. त्या तिसऱ्यात बाहेरून लिहिलेले ऑसिलेटरही भरता येतात. एवढं सगळं तीन किलोपेक्षा हलक्या पेटीत बसवलंय, ह्याचं मला अजून कौतुक वाटतं.

चार आवाजांची अडचण मला पहिल्याच तालमीत कळली. सा आणि प धरून ठेवले की दोन आवाज तिथेच खर्च होतात. उरलेल्या दोनांत चाल वाजवायची, आणि रिलीज, म्हणजे पट्टी सोडल्यावर स्वर विरायला लागणारा वेळ, लांब ठेवला असेल तर मागचा स्वर विरायच्या आधीच नवा स्वर त्याचा आवाज काढून घेतो. षड्ज मधेच तुटतो. प्रेक्षकांना कारण कळत नाही, पण काहीतरी निसटलं हे जाणवतं. ह्यावरचा उपाय सिंथच्या आतच सापडला. दुसऱ्या ऑसिलेटरचा पिच पहिल्यापेक्षा सातशे सेंटच्या (लगतच्या दोन पट्ट्यांत शंभर सेंट) आसपास वर न्यायचा आणि कंप थांबेपर्यंत कानाने सरकवायचा. आता एकच पट्टी दाबली की सा-प दोन्ही मिळतात आणि आवाज एकच खर्च होतो. उरलेले तीन मोकळे. तंबोऱ्याची जागा हे घेत नाही, घेऊही नये, पण नाटकात संवादाखाली ठेवायला फार सुंदर आहे.

ज्या गोष्टीसाठी मी ह्याची शिफारस डोळे मिटून करीन ती म्हणजे मायक्रोट्यूनिंग, प्रत्येक स्वर हवा तसा थोडा वर-खाली लावण्याची सोय. समान अंतराच्या सप्तकात शुद्ध गंधार चारशे सेंटवर असतो आणि गाणाऱ्याच्या गळ्यातला गंधार ३८६ च्या जवळ. चौदा सेंटचा हा फरक पेटीवाले आणि गायक पिढ्यान्‌पिढ्या सोसत आलेत. आकाशवाणीवर १९४० मध्ये पेटीला बंदी झाली, त्या वादात मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही ह्याच्या जोडीला हाही मुद्दा होता. एक्सडीमध्ये प्युअर मेजर नावाचं सप्तक तयारच मिळतं, आणि त्याचा षड्ज हवा तिथे सरकवता येतो. आमच्या गायिकेची पट्टी काळी चार. षड्ज तिथे नेला, यमनातला गंधार धरला, तर ती गाता गाता थांबली आणि म्हणाली, "हं, आता मला जोर लावावा लागत नाहीये." मी कितीतरी कीबोर्डांवर तिला साथ केलीय, हे वाक्य आधी कधी ऐकलं नव्हतं. स्वतःच्या श्रुती बसवून सप्तक साठवण्याचीही सोय आहे. वेगवेगळ्या रागांसाठी ती मी हळूहळू भरतोय.

मींडेसाठी डाव्या हाताला जॉयस्टिक आहे. पट्ट्या बारीक आणि सदतीसच आहेत. पियानोवर शिकलेल्यांना त्या अडचणीच्या वाटतील, पेटीवाल्यांची बोटं लवकर रुळतात. पट्टी किती वेगाने दाबली ते कळतं, पण दाबल्यानंतर आणखी दाब दिला तर काहीच होत नाही, आणि ती उणीव मला जाणवते. दोन वेगळ्या छटांचे आवाज एका वेळी, म्हणजे डाव्या हाताला एक आणि उजव्याला दुसरा, असंही जमत नाही.

फिल्टर बारा डेसिबलचा, म्हणजे हळूहळू गाळणारा, मऊ. खर्जात घुमारा हवा असेल तर ड्राइव्ह (आवाज जाड, खरखरीत करणारी सोय) चढवावा लागतो. छोट्या पडद्यावर लहरीचा आकार चालू वाजवण्यात दिसत राहतो. शिकवताना त्याचा इतका उपयोग होतो की कॉलेजच्या मुलांना मी आता आधी तो पडदाच दाखवतो: सॉटूथ (करवतीच्या दातांसारखी लहर) म्हणजे काय, फिल्टर मिटला की कोपरे कसे गोल होतात. डिले, रिव्हर्ब आणि कोरस-फेजरसारखा एक इफेक्ट, असे तिन्ही एकदम चालतात, त्यामुळे भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेला नेताना वेगळा इफेक्ट-पेडल नेण्याची गरज उरत नाही.

उन्हाळ्यात एक सांभाळावं लागतं. ॲनालॉग ऑसिलेटर तापमानाला हलतात. दुपारी चाळिशीच्या उन्हातून सिंथ आणला आणि एसी हॉलमध्ये लगेच सुरू केला, तर तो स्वतःला सुरात लावून घेतो खरा, पण पुढे खोलीच्या तापमानाला येताना पुन्हा थोडा सरकतो. अर्धा तास आधी चालू करून ठेवायचा आणि पडदा उघडण्यापूर्वी पुन्हा एकदा ट्यूनिंग करून घ्यायचं. हा ह्या जातीच्या वाद्याचा स्वभाव आहे. सिंथ नऊ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर चालतो, बॅटरीची सोय नाही. वीज गेली की साठवून न ठेवलेला पॅच (जुळवलेला आवाज) गेला, म्हणून पॅच जमला की लगेच राइट (साठवण्याचं बटण) दाबायचं.

आता पार्सल. विक्रेता परगावचा, कुरिअर कंपनी मोठी. दोघांचीही नावं देत नाही, कारण हाच अनुभव वेगवेगळ्या नावांखाली ओळखीच्या इतरांनाही आलाय. सिंथ भिवंडीहून पुण्यात लवकर पोहोचला आणि मग अडकला. सकाळी 'आउट फॉर डिलिव्हरी', संध्याकाळी 'ग्राहक उपलब्ध नाही'. मी कोथरूडच्या घरातून काम करतो, दिवसभर घरात होतो, फोन हातात होता, गेटवरच्या वहीत कुणाचीही नोंद नव्हती. दुसऱ्या दिवशीही तेच. पुढे 'पत्ता अपूर्ण' आलं, त्याच पत्त्यावर रोज भाजी आणि औषधं येत असताना. हेल्पलाइनवरची माणसं नम्र होती, पण त्यांच्यासमोरही तोच पडदा होता जो माझ्यासमोर होता.

खरं कारण शेवटी आमच्या भागात येणाऱ्या मुलाने सांगितलं. दुसऱ्याच कुणाचं छोटं पाकीट द्यायला तो आला होता, त्याला मी थांबवून विचारलं. तो म्हणाला, "काका, ते लांब खोकं ॲक्टिव्हावर बसत नाही. टेम्पो आला तरच निघतं. पण सिस्टिमला रोज काहीतरी कारण टाकावंच लागतं." त्याला पैसे पार्सलमागे मिळतात. पावसात एवढं खोकं पुढे पायात धरून चांदणी चौकाचा चढ चढायचा आणि तेवढ्या वेळात हातची छोटी पाकिटं सोडायची, हे त्याने का करावं? माझा राग त्या मुलावर नाही. राग आहे तो, खोक्याचं माप आधीपासून माहीत असूनही ते दुचाकीच्या फेरीत घालणाऱ्या आणि वर घरात बसलेल्या माणसाला 'उपलब्ध नाही' ठरवणाऱ्या व्यवस्थेवर. अशा खोट्या नोंदी साचल्या की पार्सल आपोआप परत पाठवलं जातं. मग पैसे परत मिळेपर्यंत आणखी काळ जातो, आणि नाजूक वाद्य ट्रकमधून पुन्हा तेवढाच प्रवास करतं.

म्हणून मी विक्रेत्याला फोन न करता लेखी कळवलं: परत मागवू नका, हबवर (कुरिअरच्या गोदामात) धरून ठेवा, मी येऊन नेतो. सोबत गेटच्या वहीच्या पानाचा फोटो आणि दिवसभरात एकही कॉल न आल्याचा फोनचा स्क्रीनशॉट जोडला. ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याच्या आत निवारण करायचं असतं, ह्याचाही उल्लेख केला. उत्तर त्याच दिवशी आलं. ते आलं नसतं तर १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करायची तयारी होती.

हब वाघोलीच्या पुढे. कोथरूडहून तिकडे म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं, म्हणून मित्राची गाडी घेतली. बाहेरचं खोकं एका कोपऱ्याला ओलं आणि दबलेलं होतं. ताब्यात घेताना सही करायच्या आधी त्या कोपऱ्याचे फोटो काढले आणि पोचपावतीवर 'खोके ओले, दबलेले' असं हाताने लिहिलं. तिथल्या माणसाने आधी नको म्हटलं, मग लिहू दिलं. लेबलपासून सिंथ चालू होईपर्यंतचा व्हिडिओ न तोडता घेतला. विक्रेत्याने आत दुसरं खोकं, त्याभोवती जाड प्लास्टिक आणि फोम घातला होता, त्यामुळे वाद्याला काही झालं नाही. सगळे नॉब फिरवून, प्रत्येक पट्टी दाबून बघितली. मागची लाकडी पट्टीसुद्धा कोरडी होती. ह्या पॅकिंगसाठी मी त्या विक्रेत्याचे आभार मानले आणि पुढच्या वेळीही त्याच्याकडूनच घेईन.

सिंथ मागवणाऱ्याने पैसे भरण्याआधी विक्रेत्याला एवढं नक्की विचारावं: दोन खोक्यांत बांधणार का, पार्सलचा विमा कोणाच्या नावे, आणि हबवरून उचलायची सोय पहिल्यापासून ठेवता येईल का. तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असं आलं तर मी दुसरा विक्रेता बघेन, चार पैसे जास्त गेले तरी. पावसाळ्यात शक्यतो मागवूच नये. दिवाळीच्या सेलमध्ये किंमत उतरते, पण त्या आठवड्यांत गोदामं तुंबलेली असतात. मी जानेवारी-फेब्रुवारी सुचवीन.

ह्याचंच बिनपट्ट्यांचं मॉड्यूल मिळतं. ते जोडलं की चाराचे आठ आवाज होतात, आणि पुढच्या हंगामात मला ते हवंय. मुंबईत एका दुकानात आहे असं कळलंय. ते मी जाऊन वाजवून घेणार आणि संध्याकाळच्या डेक्कन क्वीनने स्वतःच्या हाताने पुण्याला आणणार.